नाव न सांगण्याच्या अटीवर: डेट्रॉइटजवळच्या एका इंजिन मशीन शॉपचा अनुभव

सुरुवातीलाच सांगून टाकतो, दुकानाचं नाव इथं मिळणार नाही. मालकालाच नको आहे. "लिही हवं ते, पण नाव टाकू नकोस, फोन उचलायला माणूस नाही माझ्याकडं," असं त्यानं मला बजावलं. ते खरंही आहे. दहा महिन्यांत मी तीसेक वेळा फोन केला असेल. त्यानं चारदा उचलला, त्यातला एकदा चुकून.

डेट्रॉइटच्या दक्षिणेला, डाउनरिव्हर म्हणतात त्या पट्ट्यात, एका बंद पडलेल्या बेकरीच्या मागं हे इंजिन मशीन शॉप आहे, म्हणजे जुन्या इंजिनाचे भाग घासून, कापून पुन्हा मापात आणणारं दुकान. पाटी आहे, पण तिच्यावरची अक्षरं उडालीत. मालक सत्तरी ओलांडलेला, मदतीला पुतण्या, तोही पन्नाशीचा. सकाळी सहाला उघडतं, दुपारी दोनला बंद. कार्ड चालत नाही. रोख द्या नाहीतर चेक. गेल्या गणपतीत मंडळाच्या प्रसादाच्या रांगेत तिघांनी मला विचारलं, तुझ्या नोव्हा गाडीचं इंजिन कुणी केलं? एकाकडं मस्टँग आहे, दुसऱ्याच्या गॅरेजात ताडपत्रीखाली डॉज डार्ट आहे, तिसऱ्याकडं अजून नुसतीच इच्छा. तिघांनाही पत्ता तोंडी दिला. पण हातात खिचडीची प्लेट घेऊन सगळं सांगून होत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

घाई असणाऱ्यांसाठी गुण आधी देतो. काम: पाचपैकी पाच. हिशेब: साडेचार. वेळ पाळणं: एक, आणि तो एकही वयाचा मान राखून.

माझी गाडी १९७२ ची शेवरोले नोव्हा, दोन दारांची. मसल कार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ येते, नाहीतर शेवेल, चॅलेंजर. मध्यम अंगाच्या गाडीत थोरल्या गाडीचं व्ही-८ इंजिन कोंबायचं आणि परवडेल अशा किमतीत तरण्या पोरांना विकायचं, असा तो सगळा मामला होता. नोव्हा त्या पंगतीत शेवटच्या पाटावर बसणारी. शाळामास्तरांनी घ्यायची गाडी. पण अंगानं हलकी, बॉनेटखाली जागा ऐसपैस, आणि पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन पेलणारा सांगाडा, शेवरोलेच्याच पहिल्या कॅमेरोच्या घराण्यातली, म्हणून ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर, पळवणाऱ्यांची लाडकी. माझ्या गाडीच्या चासी नंबरात डब्ल्यू हे अक्षर आहे, म्हणजे ती विलो रनच्या कारखान्यात जोडली गेली, माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत. त्याच परिसरात दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं बी-२४ बॉम्बर विमानं बनवली होती. आता तिथं चालकाविना चालणाऱ्या गाड्यांच्या चाचण्या होतात. माझं पोटापाण्याचं कामही त्याच जातीचं आहे. दिवसभर बॅटरीवरच्या गाडीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन कार्ब्युरेटर खोलायचा. बायको याला नाद म्हणते. मी कोल्हापूरचा, आमच्याकडं ती शिवी नाही.

शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामाचा बोअरिंगचा, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर कापून रुंद करायचा गाळा होता. विहिरीवरची, गुऱ्हाळावरची ऑइल इंजिनं यायची, आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथं पिस्टनच्या रिंगा पुसत बसायचो. मामा म्हणायचा, दुसऱ्याच्या गाळ्यात गेलास तर मशीन बघू नको, मोजायची हत्यारं कुठं ठेवलीत ते बघ. भंगारातून आणलेल्या लेथवरसुद्धा चांगलं काम होतं. मायक्रोमीटर बेंचवर ग्रीसमध्ये लोळत पडला असेल तर मात्र नव्याकोऱ्या मशीनवरही होत नाही.

हे मला माहीत होतं, तरी मी पहिल्यांदा इंजिन केलं ते दुसऱ्याच एका दुकानात. त्याचंही नाव लिहीत नाही, पण ते वेगळ्या कारणानं. तीन आठवड्यांत तयार, चकचकीत नारिंगी रंग, फोटोसकट बिल. चारशे मैलांत एक्झॉस्टमधून फटफट आवाज यायला लागला. उघडून बघतो तर कॅमशाफ्टचा एक लोब जवळजवळ गोल झालेला. म्हणजे ज्या उंचवट्यानं वाल्व उचलायचा तो उंचवटाच शिल्लक नव्हता. झिजलेलं लोखंड तेलातून सगळीकडं फिरलं, बेअरिंगा ओरबाडल्या, पिस्टनवर रेघा उठल्या.

यात निम्मी चूक माझी. जुन्या पद्धतीच्या फ्लॅट टॅपेट कॅमवर लिफ्टर, म्हणजे कॅमचा धक्का वाल्वकडं पोचवणारा तुकडा, घासत चालतो. नवं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की वीस-एक मिनिटं दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवावा लागतो, म्हणजे क्रँकनं, पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांडीनं, उडवलेलं तेल कॅमपर्यंत पोचतं आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना सरावतात. माझा कार्ब्युरेटर तुंबून वाहत होता. मी पाच-सहा वेळा नुसताच स्टार्टर मारला, मग आयडलवर सोडून फ्लोट सारखा करत बसलो. त्यात तेल साधं, दुकानातलं. हल्लीच्या तेलात जस्त-फॉस्फरसचं प्रमाण कमी केलेलं असतं, कारण धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्यातला फॉस्फरस सोसत नाही. पण या जुन्या कॅमला नेमकं तेच लागतं. त्या दुकानानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं, ही उरलेली निम्मी चूक.

तर असं जायबंदी इंजिन पिकअपमध्ये टाकून ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी मी बेकरीमागच्या या मालकाकडं, म्हणजे म्हातारबांकडं, पोचलो. आत गेल्यावर मामाचं ऐकून आधी हत्यारांकडं नजर टाकली. भिंतीला लाकडी कपाट, त्यात प्रत्येक मायक्रोमीटर आपापल्या खाचेत, खाली हिरवी फेल्ट. सिलिंडरचा आतला व्यास मोजायचा बोअर गेज वेगळ्या पेटीत. कपाटाशेजारी थर्मामीटर. बाकी दुकान म्हणाल तर पसारा: कोपऱ्यात ब्लॉकची, म्हणजे सिलिंडर असलेल्या ओतीव सांगाड्यांची चळत, रेडिओवर टायगर्सची बेसबॉल मॅच, आणि कॉफी इतकी कडू की आपल्याकडं काढा म्हणून खपेल.

म्हातारबांनी ब्लॉक बघितला, बिल बघितलं, काही बोलले नाहीत. "सोमवारनंतर ये." मी दहा दिवसांनी गेलो. ब्लॉकच्या आठही सिलिंडरांभोवती खडूनं आकडे लिहिले होते. सोनिक टेस्ट. बारीक टोक लावून आवाजाची लहर आत सोडायची आणि ती परत यायला लागलेल्या वेळावरून भिंतीची जाडी काढायची. जुन्या ओतीव ब्लॉकमध्ये ओतताना गाभा सरकलेला असतो, त्यामुळं सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. माझ्या सातव्या सिलिंडरची भिंत, पिस्टन ज्या बाजूला रेटतो नेमकी त्याच बाजूला, १२० थाऊ भरली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ती किमान दोनशे असावी असा त्यांचा आग्रह. रेघा काढायच्या तर बोअर आणखी तीस थाऊनं वाढवायला हवं, म्हणजे भिंत आणखी पंधरा थाऊनं उतरणार. आधीच्या दुकानानं न मोजताच एकदा बोअर करून घेतलं होतं.

"यात फुलझाडं लाव," म्हातारबा म्हणाले, आणि नव्वद डॉलरचं बिल हातात दिलं.

मला राग आला हे कबूल करतो. काम न करण्याचे नव्वद डॉलर! घरी येताना महामार्गावर हिशेब मांडत होतो. याच भिंतीवर त्यांनी मुकाट्यानं बोअर करून दिलं असतं तर दीड-दोन हजार डॉलर घेतले असते, मी आनंदानं दिले असते, आणि एखाद्या ऑगस्टच्या दुपारी भिंत तडकून पाणी तेलात उतरलं असतं. तेव्हा तो नव्वदचा आकडा फार नाही. पण त्या दिवशी तसं वाटलं नाही.

दुसरा ब्लॉक मी एका जुन्या पिकअपमधला शोधला, चारशे डॉलरला. ओतीव क्रमांक ३९७००१०, शेवरोलेच्या ३५० घन इंचांच्या इंजिनाचा सगळ्यात ओळखीचा ब्लॉक. पुढच्या झाकणाच्या, टायमिंग कव्हरच्या, खाली ०१० आणि ०२० असे आकडे होते. ते बघून मी हरखलो, कारण या नादातल्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं की ते आकडे म्हणजे लोखंडात एक टक्का कथील आणि दोन टक्के निकेल. म्हातारबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आणि सोनिक टेस्टचं टोक उचललं. हा ब्लॉक पास झाला.

मग मी माझी यादी काढली. मला ३८३ हवं होतं. ३५० च्या ब्लॉकमध्ये ४०० इंजिनाच्या मापाचा पावणेचार इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वरखाली प्रवासाचा) क्रँक बसवला आणि बोअर तीस थाऊनं वाढवलं की ३८३ घन इंच होतात. या छंदात हे इतकं नेहमीचं आहे की ३५० वर थांबणाऱ्याला लोक कंजूष समजतात. त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची हेडं, म्हणजे सिलिंडरांवरची वाल्व असलेली झाकणं, साडेदहाच्या आसपास कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण तेवढ्या पटीनं दाबलं जाणं, आणि आयडलला गाडी डुलेल असा कॅम. म्हातारबांनी यादी पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि एकेक प्रश्न विचारत गेले. गिअरबॉक्स कुठला? टीएच-३५०, ऑटोमॅटिक, आत काय केलंय ठाऊक नाही. मागचा अ‍ॅक्सल? होता तोच. पेट्रोल कुठलं घालणार? पंपावरचं ९३ ऑक्टेनचं. स्ट्रिपवर वर्षातून कितीदा जाणार? पाच-सहा वेळा. आणि ऑफिसला? कधीमधी, उन्हाळ्यात.

मग त्यांनी पेन्सिलीनं निम्मी यादी खोडली. स्ट्रोक ३.४८ इंचच ठेवायचा, बोअर ४.०३० इंच, म्हणजे ३५५ घन इंच. हेडं लोखंडाचीच, पण १९९६ नंतरच्या ट्रकवरची, व्होर्टेक नावाची, ओतीव क्रमांकाच्या शेवटी ०६२ वाली. भंगारात स्वस्त मिळतात आणि हवा झकास ओढतात. त्यांना इनटेक मॅनिफोल्ड मात्र खास त्यांचाच लागतो, कारण बोल्टांची ठेवण वेगळी. कंपनीनं दिलेल्या रूपात वाल्व फार उंच उचललेला ती सोसत नाहीत, म्हणून वाल्व गाइडचे माथे छाटून स्प्रिंगा बदलायच्या. कॅम हायड्रॉलिक रोलर, त्यात लिफ्टर चाकावर चालतो, म्हणजे घासणं नाही आणि ते वीस मिनिटांचं अनुष्ठानही नाही. माझा ब्लॉक १९८७ च्या आधीचा, रोलरसाठी न बनलेला, त्यामुळं दांडीनं जोडलेले महागडे लिफ्टर घ्यावे लागले. एवढ्या एका बाबतीत त्यांनी माझा खर्च वाढवला.

कॉम्प्रेशनवर मी वाद घातला. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, डेक, ते ९.००० इंचांवर आणणार होते म्हणजे पिस्टन अगदी काठोकाठ येणार. ६४ सीसीचं हेड आणि सपाट पिस्टन धरले तर कॉम्प्रेशन १०.४ च्या घरात जातं. मला तेच हवं होतं. त्यांनी मधे बारा सीसीची वाटी असलेले पिस्टन मागवायला लावले आणि आकडा ९.६ वर आणला. मी म्हटलं, मग डेक एवढं खाली कशाला घ्यायचं, वरच ठेवा की, कॉम्प्रेशन आपोआप कमी होईल. तेव्हा ते पहिल्यांदा खुलून बोलले. पिस्टनचा सपाट काठ आणि हेड यांच्यातलं अंतर चाळीस थाऊच्या आसपास राहिलं तर मिश्रण काठावरून मधे फेकलं जातं आणि नीट जळतं. ते अंतर वाढलं की कॉम्प्रेशन कमी असूनही इंजिन खटखटतं. गॅसकेट दाबल्यावर ३९ थाऊची. म्हणून पिस्टन काठापर्यंत आणायचा आणि जागा हवी ती वाटीत द्यायची. हे मी वाचलं होतं. कळलं त्या दिवशी.

आता ज्या प्रसंगामुळं मी या दुकानाला पाचपैकी पाच देतोय तो सांगतो. जानेवारीत पिस्टन आले. खोका डिकीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निघून थेट त्यांच्याकडं गेलो. डिकीत रात्रभर पडलेला खोका, बाहेर उणे दहा सेल्सिअस. म्हातारबांनी एक पिस्टन हातात घेतला, परत ठेवला आणि म्हणाले, "उद्या." मी म्हटलं, मी पन्नास मिनिटं गाडी चालवून आलोय, एक तरी मोजा. त्यांनी थर्मामीटरकडं बोट दाखवलं. दुकानात ६८ फॅरनहाइट, म्हणजे आपले २० सेल्सिअस. जगभर मोजमापं याच तापमानाला धरतात.

घरी येऊन मी आकडेमोड केली. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम, व्यास चार इंचांच्या किंचित वर, फरक तीस अंशांचा. पिस्टन सव्वादोन थाऊनं लहान भरला असता. आणि या पिस्टनला सिलिंडरमध्ये मोकळीक ठेवायची ती मुळात अडीच थाऊच्या आसपास! थंड पिस्टन मोजून त्यावर होनिंग केलं असतं, म्हणजे सिलिंडर बारीक घासून त्या मापाला आणला असता, तर गरम झाल्यावर पिस्टन अडकलाच असता. मला एकदम मामाचा पत्र्याचा गाळा आठवला. मे महिन्यात मामा मापं घ्यायचा ती सकाळी आठच्या आत, पत्रा तापायच्या आधी. त्याला कुणी वीस सेल्सिअस शिकवलं नव्हतं. गिऱ्हाईक दुपारी ब्लॉक घेऊन आलं की सावलीत ठेवायला सांगायचा आणि चहा मागवायचा. आम्हा पोरांना वाटायचं, मामाला कामाचा कंटाळा आहे.

बाकीचं कामही त्याच तालात. सिलिंडर होन करताना वर जाडजूड टॉर्क प्लेट बोल्टांनी आवळलेली, कारण हेडचे एका बाजूचे सतरा बोल्ट ताणले की गोल सिलिंडर जरासा वेडावाकडा होतो. मग होन करतानाच तो ताण दिलेला बरा. मेन बेअरिंगच्या खोबणी एका रेषेत होन केलेल्या. क्रँक दहा-दहा थाऊ ग्राइंड करून पॉलिश. आठ पिस्टन, आठ रॉड एकेक करून तराजूत. एका पिस्टनच्या पोटातून चिमूटभर धातू काढून त्यांनी पुन्हा वजन केलं, तेव्हा मला कोल्हापूरच्या गुजरीतले सोनार आठवले. फरक एवढाच की इथं सर्वांत हलका पिस्टन धरायचा आणि बाकीच्यांना त्याच्यापर्यंत उतरवायचं.

तक्रारी. पहिली आणि मोठी, वेळ. "फेब्रुवारी," असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. फेब्रुवारीत विचारलं तर एप्रिल. एप्रिलमध्ये फोनच नाही. जूनमध्ये गेलो तर माझा ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत तेल लावून व्यवस्थित ठेवलेला, होनिंग बाकी, आणि मशीनवर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं इंजिन. "शेतकऱ्याला हंगाम असतो," म्हणाले. यावर मी काय बोलणार? मी उसाच्या मुलखातला. तरी सांगतो, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर उतरतात. त्या दिवशी मी फुटपाथवर खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या गाड्या बघत बसलो. इंजिन हातात आलं त्याच्या पुढच्या बुधवारी. दहा महिने. हे मी विसरलेलो नाही.

दुसरी तक्रार कागदाची. प्रत्येक मापाचा हाती लिहिलेला तक्ता मिळतो, आणि तो सोन्यासारखा आहे, पण म्हातारबांचा ३ आणि ८ सारखाच. एका मेन बेअरिंगची मोकळीक ०.००२३ आहे की ०.००२८ हे मला कळेना. शेवटी स्वतः मोजली. कदाचित त्यांना तेच हवं असेल, पण गिऱ्हाइकानं असा उदारपणा किती दाखवायचा! पुतण्याचं अक्षर चांगलं आहे, त्याला लिहायला सांगा.

हिशेब असा: बाद ब्लॉकच्या तपासणीचे ९०, नव्या ब्लॉकची धुलाई आणि तड्यांची चुंबकीय तपासणी १६०, मेन होनिंग २७५, डेक २२०, बोअर आणि टॉर्क प्लेट होनिंग ४८०, क्रँक २४०, बॅलन्सिंग ३२५, दोन्ही हेडांचं काम ५६०. एकूण २,३५० डॉलर, सुटे भाग वेगळे. सुरुवातीचा अंदाज दोन हजारांचा होता, म्हणून अर्धा गुण कापला. सुटे भाग त्यांच्याकडून घेण्याची सक्ती नाही, पण काय घ्यायचं ते त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मी हौसेनं आधीच मागवलेला कॅम अजून खोक्यात आहे, कुणाला हवा असेल तर बोला.

ते इंजिन जोडून देत नाहीत. निदान मला दिलं नाही. "एवढं मोजून दिलंय, आता जोड," म्हणाले. जाताना एकच सूचना: होनिंगची भुकटी रॉकेलनं निघत नाही, गरम पाणी आणि भांड्याचा साबण. घरी ड्राइव्हवेवर ब्लॉक उभा करून मी दोन तास ब्रशनं घासला. मग गिअरबॉक्सच्या तेलात पांढरं फडकं बुडवून सिलिंडर पुसत राहिलो. फडक्यावर राखाडी डाग येतोय तोवर धुवायचं. चौथ्या खेपेला फडकं पांढरं राहिलं. शेजारचा गोरा म्हातारा कुत्रा फिरवताना थांबला आणि बराच वेळ बघून म्हणाला, बाळाला अंघोळ घालतोयस की काय. बायको स्वयंपाकघरात साबणाची बाटली शोधत होती, तिच्या प्रतिक्रिया इथं देत नाही.

हिवाळाभर जोडणी केली. एप्रिलमध्ये पहिला स्टार्टर मारला. दुसऱ्या फेरीला पेटलं. तेलाचा दाब लगेच चढला, आणि मी हेडफोन काढून नुसता ऐकत उभा राहिलो.

मे महिन्यात ओहायोला नॉरवॉकच्या समिट मोटरस्पोर्ट्स पार्क या ड्रॅग स्ट्रिपला गेलो. डेट्रॉइटहून दोनेक तास. नवख्यांनी पहिल्यांदा तिथंच जावं असं माझं मत आहे. डांबर चिकट, माणसं सांभाळून घेणारी, आणि एक डॉलरला एक पाउंड आइस्क्रीम ही तिथली जुनी ख्याती. ते आइस्क्रीम शर्यतीनंतर खा, आधी नको. १३.९९ सेकंदांच्या आत पाव मैल जाणार असाल तर हेल्मेट लागतं. मी नेलं होतं, पण रांगेत लाज वाटत होती, कारण जुन्या इंजिनावर माझी गाडी पंधराच्या खाली कधी आली नव्हती.

पहिली फेरी १३.४४, ताशी १०२ मैलांच्या वेगानं. दुसरी १३.४१. तिसरी, दुपारचं ऊन चढल्यावर, १३.४६.

पहिल्या क्षणी थोडा हिरमुसलो. स्वप्नात बाराचा आकडा होता, आणि ३८३ केलं असतं तर कदाचित तो आलाही असता. पण संध्याकाळी ब्रॅकेट शर्यत होती. तिथं तुमची गाडी किती वेळ घेईल ते तुम्हीच आधी काचेवर लिहायचं; दोन गाड्यांच्या आकड्यांतला फरक सुरुवातीला हिरव्या दिव्यातून वळता होतो, हळू गाडीला आधी सोडतात. लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तरी हरलात. म्हणजे इथं वेगवान गाडीपेक्षा रोज तेच बोलणारी गाडी हवी. तीन फेऱ्यांत पाच शतांश सेकंदांचा फरक दाखवणारं इंजिन पाहून शेजारच्या पिटमधले, म्हणजे गाडी उभी करायच्या जागेतले, दोघे अनुभवी गडी वाकून बॉनेटखाली बघून गेले. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर यादीत मी पहिल्यापासूनच कमी लिहिलं असतं. खरं तर म्हातारबांनी सांगितलं होतं, पेन्सिलीनं.

मी काचेवर १३.४३ लिहिलं. शेजारच्या लेनमध्ये जुन्या स्टेशन वॅगनमधून साठीच्या पुढच्या एक बाई, त्यांचा आकडा १५.२०. त्या आधी सुटल्या. माझ्याकडं तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं पेटले, हिरवा झाला, आणि मी त्याकडं बघतच राहिलो. गाडी १३.४४ मध्ये गेली, अगदी लिहिल्याबरहुकूम. मी मात्र सुटायलाच चार दशांश सेकंद लावले होते. पहिल्याच फेरीत घरी. इंजिनावर एवढा खर्च करून चालकाच्या भागात कुणी होनिंग केलेलं नव्हतं. बाई नंतर भेटल्या, तिसरा पिवळा दिवा दिसला की पाय सोडायचा, हिरव्याची वाट बघायची नाही, असं समजावून सांगितलं आणि आइस्क्रीमच्या रांगेत पुढं जागा दिली.

पुढच्या आठवड्यात वेळेची चिठ्ठी घेऊन म्हातारबांकडं गेलो. त्यांनी ती वाचली नाही. विचारलं, "गरम झाल्यावर तेलाचा दाब किती?" साडेपाच हजार आरपीएमला सत्तावन्न, म्हटलं. हजारामागं दहा पाउंड हा जुन्या मंडळींचा अंदाज. "ठीक," म्हणाले आणि क्रँककडं वळले. चिठ्ठी पुतण्यानं बघितली. त्यानं तिन्ही आकडे मोठ्यानं वाचले, तेव्हा मशीनचा आवाज क्षणभर कमी झाला असं मला वाटलं. माझी कल्पनाही असेल.

जाणार असाल तर एवढं करा. फोन करू नका, थेट जा, दुपारी एकच्या आत. चेकबुक न्या. गाडीनं काय करायचं आहे ते खरं सांगा, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलसकट. तारीख विचारली तर मिळेल, पण ती कॅलेंडरवर लिहू नका. ट्रॅक्टर आत दिसला तर दोन महिने वाढवून धरा. आणि थंडीत जाणार असाल तर पिस्टन आदल्या रात्री घरात आणून ठेवा.